बिफ्तूची आई

पहिल्या दिवशी मी तिला नाव विचारलं, तेव्हा तिने आधी कागदावरचं सांगितलं, गलाने तेर्फा. मग जरा थांबून म्हणाली, "पण तुम्ही मला हाधा बिफ्तू म्हणा. म्हणजे बिफ्तूची आई. आमच्याकडे असंच म्हणतात."

मला हसूच आलं. डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या आईला तिच्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ती 'वसुधाची आई' होती. तीच तऱ्हा आयर्लंडमध्ये, मलिंगारसारख्या गावात, इथियोपियाहून आलेल्या बाईच्या तोंडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "मग मी निहारिकाची आई." ती म्हणाली, "हाधा निहारिका," आणि आमचं जमलं.

हे २००९च्या सप्टेंबरातलं. मी इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. नवरा रणजित लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, सकाळच्या गाडीने जाणार तो संध्याकाळी उगवणार. निहारिका तीन वर्षांची. तिला सांभाळायला कोणी मिळेना, आणि मी रडकुंडीला आले होते. आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या एका नर्सने गलानेचं नाव सुचवलं. "शी'ज ग्रँड," एवढीच शिफारस. आयर्लंडमध्ये याहून मोठी शिफारस नसते.

गलाने चाळिशीची, उंच, अंगाने बारीक, अगदी हळू बोलणारी. मी पडले तडकाफडकी बाई. रणजित म्हणतो, लोकांना गप्प करणं हा माझा धंदा आहे आणि घरी आल्यावरही मी ड्यूटीवरच असते. गलानेला मात्र मला कधी गप्प करावं लागलं नाही. ती दोनच विषयांवर बोलायची, एक तिची मुलगी आणि दुसरा तिचा देव.

ती ओरोमो होती. इथियोपियात संख्येने सगळ्यांत मोठे असलेले हे लोक, आणि मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. "तुमच्या इथियोपियन भाषेत बोल ना निहारिकाशी," असं मी एकदा सहज म्हटलं, तर तिने मान हलवली. "ती राजाची भाषा होती. माझी अफान ओरोमो." राजाच्या काळात तिची भाषा शाळेत चालत नसे, कोर्टात चालत नसे आणि चर्चमध्येही दबकतच यायची.

तिचं गाव पश्चिमेकडच्या वोल्लेगा भागात, कॉफीच्या झाडांमध्ये. तिथे ख्रिस्ती धर्म रुजला तो गोऱ्यांच्या तोंडून नव्हे, हे ती ठासून सांगे. लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकला गेलेला एक ओरोमो मुलगा सुटला, शिकला, आणि त्याने आख्खं धर्मपुस्तक आपल्या भाषेत आणलं. त्याच्या मदतीला तशीच गुलामीतून सुटलेली एक मुलगी होती. तिला घरचे शब्द आठवत होते. "ज्यांची आई हिरावून नेली होती, त्यांनी आम्हाला आईच्या भाषेत देव दिला," गलाने म्हणाली. मी तेव्हा निहारिकाच्या मोज्यांची जोडी शोधत होते. अर्धवटच ऐकलं.

तिचे वडील तेर्फा गावोगाव फिरून हेच पुस्तक वाचून दाखवायचे. राजा गेला आणि लष्करी राजवट आली. चर्चला कुलूप लागलं. वडिलांनी पुस्तक धान्याच्या कणगीत तळाशी लपवलं. त्यांना धरून नेलं. 'हा देव माझा नाही' एवढं एक वाक्य म्हटलं की घरी सोडणार होते. ते म्हणाले नाहीत. सहा वर्षं आत राहिले.

"तुझी आई चिडली नाही त्यांच्यावर?" मी विचारलं.

"चिडली ना. रोज चिडायची. आणि रोज डबा घेऊन जायची."

गलानेचा नवरा ओलाना शाळामास्तर होता. तोवर ओरोमो भाषा शाळेत आली होती, पण ती अभिमानाने शिकवणाऱ्यावर सरकारचा डोळा असे. २००५च्या सुमारास विद्यार्थ्यांची निदर्शनं झाली, तेव्हा ओलानाला उचललं, आणि तीन आठवड्यांनी त्याचं शव आणून दिलं. मग शिपाई गलानेला विचारत आले. ती सुदानमार्गे निघाली. दहा वर्षांच्या बिफ्तूला त्या वाटेने नेण्याची छाती झाली नाही, म्हणून तिला सासूपाशी, म्हणजे बिफ्तूच्या 'अक्को'पाशी ठेवलं. सहा महिन्यांत बोलावून घेईन, असं सांगून निघाली. आयर्लंडमध्ये पोचल्यावर अॅथलोनच्या आश्रितांच्या छावणीत अडीच वर्षं गेली. २००९ मध्ये तिला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली आणि मुलीला आणण्याचा हक्कही मिळाला. मुलगी तेव्हा चौदाची.

पाकिटातला फोटो तिने पहिल्याच आठवड्यात दाखवला. शाळेच्या गणवेशातली सडपातळ मुलगी, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी. आपण म्हणतो तसं मी म्हटलं, "डोळे अगदी तुझे आहेत." गलानेचा चेहरा असा काही उजळला, की मला माझंच कौतुक वाटलं.

दर रविवारी दुपारी बिफ्तूला फोन असायचा. तो आमच्याकडूनच लागायचा, कारण रविवारी चर्चमधून आल्यावर गलाने आमच्याकडे 'बुना' करायची. कॉफीच्या हिरव्या बिया कढईत भाजायच्या, कुटायच्या, उकळायच्या, आणि प्यायच्या मीठ घालून. पहिल्या घोटाला रणजितचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. फोन लागला की आधी बिफ्तू आपले पूर्वज म्हणून दाखवायची. बिफ्तू, ओलाना, हिर्पा, दिन्सा, वाकजिरा, फुफा, नेगासा, जोते... स्वतःपासून सुरू करून बापामागून बाप, अकरा पिढ्या. त्यांच्याकडे प्रत्येक पोराला हे पाठ असावं लागतं. गलाने डोळे मिटून ऐकायची आणि शेवटच्या नावानंतर श्वास सोडायची. मी माझ्या पणजोबांच्या पुढे जाऊ शकले नाही, यावर ती इतकी हळहळली की मी चक्क पुण्याला काकांना फोन करून आणखी एक नाव मिळवलं. निहारिकाला मात्र बिफ्तूचे अकराच्या अकरा पूर्वज महिन्याभरात तोंडपाठ झाले. मराठी बोल म्हटलं तर "मम, आय डोंट वाँट टू" म्हणणारी माझी कार्टी झोक्यावर बसून "वाकजिरा, फुफा, नेगासा" करायची.

बिफ्तूला आणण्याचा अर्ज मीच भरला. गलानेला इंग्रजी येत होतं, पण मला धीर कुठला. तिच्या हातातून पेन घेतलं आणि एकामागून एक प्रश्न विचारत सुटले. त्यात एक प्रश्न होता, मूल पोटचं की दत्तक. मी तो वाचला आणि तिच्याकडे न बघताच पुढच्या रकान्याकडे वळत म्हटलं, "पोटची, अर्थात."

"माझी मुलगी," गलाने म्हणाली.

मी खूण केली.

वर्षभर काही उत्तर नाही. त्या वर्षात अक्को वारली. बिफ्तू अदिस अबाबाला चर्चमधल्या एका कुटुंबाकडे राहायला गेली. मग डब्लिनच्या ऑफिसातून पत्र आलं, जन्माचा दाखला नाही, नात्याचा पुरावा द्या. गलाने पत्र घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पुरावा म्हटल्यावर माझी कळी खुलली. मला प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट लागतो. मी म्हटलं, "अगं, डीएनए करून टाक. गालातून कापूस फिरवायचा, संपलं. तुझा इथे, तिचा तिथे. रिपोर्ट हातात आला की कोणाची बिशाद आहे नाही म्हणायची?"

तिने पत्राची घडी घातली. मग तिने विचारलं, "त्यात काय काय दिसतं?"

"सगळं दिसतं."

"देवासमोर जे झालंय तेही?"

मी हसले. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. तेव्हा वाटलं, साधी भोळी बाई आहे. म्हटलं, "देवानेच तर घातलंय ते रक्तात." ती हळूच म्हणाली, "मग करू या."

२०११च्या एप्रिलमध्ये रिपोर्ट आला. मी किचनमध्ये उभ्याउभ्याच उघडला. दोन ओळींत निकाल होता. या दोघींमध्ये आई-मुलीचं नातं नाही. नातंच नाही.

मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते. मला ती फसवणूक वाटली. तिने कोणाच्या तरी मुलीला आणण्यासाठी माझ्या सहीचा, माझ्या शब्दाचा, माझ्या घराचा वापर केला असं वाटलं. "तू मला खोटं सांगितलंस," मी ओरडले. "माझ्या मुलीला तुझ्या हातात सोपवून मी जाते, आणि तू मला तोंडावर खोटं सांगितलंस!" निहारिका घाबरून दारात येऊन उभी राहिली.

गलानेने तिला उचलून घेतलं, बाहेरच्या खोलीत नेऊन चित्रं काढायला बसवलं, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. "बघू दे," ती म्हणाली. तिने कागद हातात घेतला. तिला रडू आलं नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणजे त्याने ऐकलं नाही?"

तिचा देव. इतके महिने ही बाई प्रार्थना करत होती की रक्त जुळू दे. जिने मिशनच्या दवाखान्यात पंधरा वर्षं ड्रेसिंग केली होती, जिला रक्त म्हणजे काय ते ठाऊक होतं, ती. मी खुर्चीत बसले.

मग तिने सांगितलं. एकदाच, आणि दाराकडे पाठ करून.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. १९९५च्या मे महिन्यात दवाखान्यात एक बाई पायी आली. कुठल्या गावची, कुठल्या लोकांतली, काही सांगू शकली नाही. बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. आठव्या दिवशी ओलाना आणि गलानेने ते बाळ घेतलं. गावातले जाणते बसले, चर्चमधले वडीलधारे आले. बाळाच्या डोक्यावर लोणी ठेवलं. गलानेने तिला सगळ्यांसमोर छातीशी लावलं, दूध नव्हतं तरी लावलं. ओलानाने आपल्या अकरा पिढ्या तिच्या कानात म्हटल्या. 'गुद्दिफाचा' म्हणतात याला. आपल्याकडे दत्तक घेतात तेव्हा चार लोकांत सांगतात की हे दत्तक. त्यांच्याकडे शपथ नेमकी उलटी. आजपासून हिच्या जन्माची दुसरी गोष्ट नाही. जो ती तोंडातून काढेल, तो या मुलीला पुन्हा उघड्यावर टाकेल. गावातही कोणी बोलत नाही. कागद करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कागदात तीच गोष्ट लिहावी लागली असती.

"तू मला तेव्हाच सांगायचं होतंस," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण त्यात जोर नव्हता. "दत्तक लिहिलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

"तुम्ही विचारलं तेव्हा मला कळलं होतं तुम्ही काय विचारताय," ती म्हणाली. "पण माझ्या तोंडून ते निघालं असतं, तर ती दुसऱ्यांदा पोरकी झाली असती."

मी विचारलंही नव्हतं. मी तर उत्तर स्वतःच देऊन मोकळी झाले होते.

अर्ज फेटाळला गेला. मी हार मानणारी नाही. डब्लिनमध्ये ऑर्ला नावाची एक सॉलिसिटर शोधली, तरुण आणि तिखट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आशा आहे. मुलगी अठराची व्हायच्या आत नवा अर्ज करायचा. सोबत गलानेचं निवेदन, की मी हिची जन्मदाती नाही, आमच्या रिवाजाप्रमाणे मी हिला घेतलं. गावातल्या जाणत्यांची पत्रं जोडायची. आणि मग अदिस अबाबात मुलीची मुलाखत होईल, तिलाही याबद्दल विचारतील.

"तिला विचारतील?" गलाने म्हणाली.

"विचारावंच लागेल," ऑर्ला म्हणाली.

"तिला माहीत नाही."

ऑर्लाने निवेदन टाइप करून दिलं. पहिलं वाक्य होतं, 'मी, गलाने तेर्फा, बिफ्तू ओलाना हिची जन्मदाती आई नाही.' खाली सहीची जागा. गलानेने कागद घडी घालून पिशवीत ठेवला, आणि आमच्या घरी आल्यावर माझ्याकडे दिला. तो मी किचनच्या प्रेसमध्ये, चहाच्या डब्यामागे ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते. मे २०१३ मध्ये मुलगी अठराची होणार होती. आमच्या हातात जवळजवळ दोन वर्षं होती. मला वाटलं, पुष्कळ झाली.

मी काय काय नाही केलं. डब्लिनमध्ये एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा ओरोमो मंडळी जमायची. तीस-चाळीस माणसं, पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, खांदे हलवत म्हटलेली भजनं. त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर ओबो गुदिना, म्हणजे आपले गुदिनाराव, त्यांना मी बाजूला घेऊन म्हटलं, तुम्ही तिला शपथेतून मोकळं करा. ते बिचारे खरोखर तिच्याजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मुली, देव समजून घेईल. सही कर."

गलानेने त्यांचा हात डोळ्यांना लावला. "देव समजून घेईल, आबा," ती म्हणाली. "पण ती एका परक्या ऑफिसात, परक्या माणसासमोर बसलेली असेल. तो तिला विचारेल, ही तुझी आई नाही हे तुला माहीत आहे का? तेव्हा तिच्याजवळ मी नसेन." म्हाताऱ्याने हात मागे घेतला. परतीच्या गाडीत मीच बोलत होते, मेनूथपासून मलिंगारपर्यंत.

तिला फोनवर तूच आधी सांग, असंही मी सुचवलं. दोन रविवार तिने प्रयत्न केला. फोन लागायचा, बिफ्तू पूर्वज म्हणायला लागायची, बिफ्तू, ओलाना, हिर्पा... आणि अकरा नावं संपेपर्यंत गलानेचा धीर संपलेला असायचा. तिसऱ्या रविवारी तिने प्रयत्न केला नाही.

२०१३च्या मार्चमध्ये माझा तोल गेला. कागद प्रेसमधून काढून मी टेबलावर आपटला. "एक वाक्य!" मी म्हटलं. "एका वाक्याची गोष्ट आहे, गलाने. मुलगी तिथे एकटी आहे, परक्यांच्या घरी. एक सही केलीस तर सहा महिन्यांत इथे येईल, मग बसून काय ते समजावून सांग."

"माझ्या वडिलांनाही एकच वाक्य म्हणायचं होतं," ती म्हणाली.

"आणि त्यांच्या हट्टापायी तुम्ही सहा वर्षं बापाशिवाय काढलीत! तेच करायचंय का बिफ्तूला?"

हे मी बोलले. ती उठली, निहारिकाचा डबा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. कोट घातला. दारात वळून म्हणाली, "उद्या येते." आणि आली. रोज आली. तिच्या आईसारखीच मीही रोज चिडत होते, फक्त डबा न्यायला मला जागा नव्हती.

बारा मे. त्या रविवारी गलानेने कढई मांडली, बिया भाजल्या, लोणी आणलं होतं ते कॉफीत घातलं, कारण मोठा दिवस होता. फोन लावला. बिफ्तूने पूर्वज म्हटले. गलानेने तिला आशीर्वाद दिले, लांबलचक, एका लयीत. मग फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अठरा." मी प्रेस उघडून कागद काढला आणि फाडून टाकला. मला वाटलं, निदान एक गोष्ट वाचली. मुलगी मिळाली नाही, पण मुलीला कळलंही नाही. यासाठी सगळं गेलं असेल तर जाऊ दे. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले.

ऑगस्टमध्ये, दुपारी जेवायच्या सुट्टीत, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये माझा फोन वाजला. लांबचा नंबर. माझा नंबर अर्जावर होता.

"डॉक्टर वसुधा? मी बिफ्तू."

इंग्रजी शाळेतलं, पण स्वच्छ. ती कुवेतला चालली होती, एका घरी मुलं सांभाळायला. "हाधाला सांगितलंय," ती म्हणाली. "तिच्यासारखंच काम." तिथे फोन जवळ ठेवू देतील की नाही माहीत नाही, म्हणून जाण्याआधी तिला माझ्याशी बोलायचं होतं. तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत, हाधा सांगते, असं म्हणून तिने माझे आभार मानले. मी गाडीत जाऊन बसले.

मग तिने विचारलं, "ती अजून स्वतःला दोष देते का? रिपोर्टसाठी?"

माझ्या हातातली किल्ली खाली पडली. "तुला रिपोर्टचं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला ठाऊक होतं काय येणार ते." मग ती सांगू लागली. "मी सात वर्षांची असताना पाणवठ्यावर एका मुलीने भांडताना मला सांगितलं होतं. मी अक्कोला विचारलं. अक्कोने मला जवळ घेतलं आणि काहीच बोलली नाही, तेव्हा कळलं. माझ्या गालात कापूस फिरवत होते तेव्हा मी मनात म्हणत होते, आता मी जाणार नाही."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच. पार्किंगमधल्या दोघांनी वळून पाहिलं. "अगं, मुलाखतीला हरकत नव्हती! तुला ठाऊक आहे एवढं जरी तिला कळलं असतं, तरी तिने सही केली असती! तू आज इथे असतीस!"

"तिने मला कधी सांगितलं नाही," बिफ्तू म्हणाली, जणू एवढं उत्तर पुरेसं होतं. "तिने शपथ घेतली होती. मला माहीत आहे हे तिला कळलं असतं, तर तिला वाटलं असतं आपण कुठेतरी कमी पडलो." मग तिचा आवाज बारीक झाला. "मला सहीचं माहीत नव्हतं, डॉक्टर. ते मला कोणी सांगितलं नाही."

ते खरं होतं. मुलीपासून लपवायचं म्हणून आम्ही तिच्यापासून सगळंच लपवलं होतं.

दोघी रडलो. मी जास्त रडले असेन. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही तिला सांगू नका. शपथ घ्या. नाहीतर तिला कळेल की दोन वर्षं ती ज्यासाठी गप्प राहिली, ते आधीच गेलेलं होतं."

मी, जिला प्रत्येक गोष्ट तोंडावर बोलायची सवय, पार्किंगमध्ये गाडीत बसून एका पोरीला शब्द दिला.

त्यानंतरच्या रविवारी गलाने चर्चमधून आली. बिया भाजल्या, कुटल्या. निहारिका, आता सात वर्षांची, कपबश्या मांडत होती. बिफ्तूचा फोन विमानतळावरून आला, अगदी थोडा वेळ. मागे गोंगाट होता, घोषणा चालू होत्या. त्यातही ती मुलगी मोठ्याने पूर्वज म्हणत होती, आणि गलाने डोळे मिटून ऐकत होती. फोन बंद झाला. गलानेने श्वास सोडला. मी मान खाली घालून कॉफीत मीठ ढवळत होते. तिच्याकडे बघितलं असतं तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं.

"एवढ्या गडबडीत," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान मावत नव्हता, "एक नाव चुकली नाही. कुठून आणते एवढा धीर?"

मी कप खाली ठेवला.

"आईवर गेलीये," मी म्हटलं.